ल्युथरन चर्चच्या कोनशिलेवर नारळ

माझ्या भाचीचा, जुईचा, नवरा इंद्रनील फार हुशार आहे. हे मला त्यानेच सांगितलं. पुण्यात इंजिनिअर झाला, वेलिंग्टनला येऊन जुन्या इमारती भूकंपात टिकतील का ते तपासायला लागला, इथल्याच जॉन्सनव्हिल उपनगरात घर घेतलं. माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा पाट मांडायच्या आधी धुराड्याकडे बघून म्हणाला, "आत्या, हे पडणार."

"तुझ्या पानात नाही पडत. बस," मी म्हटलं.

गेल्या वर्षी याने नोकरी सोडून स्वतःच्या नावाने धंदा काढला. पहिलंच काम मिळालं ते शहरातल्या जुन्या ल्युथरन चर्चच्या मजबुतीकरणाचं. तेही हातचं गेलं तर पुन्हा नोकरीच्या शोधात हिंडणं आलं. जुईला धास्ती त्याचीच.

चर्च मी आधी पाहिलेलं होतं. जर्मन आणि डॅनिश लोकांनी बांधलेलं. बाहेर लाल विटा, आत सगळं रिमू या इथल्या झाडाचं लाकूड, छताच्या तुळया उघड्या. मूर्ती नाही, सोनंनाणं नाही; मधोमध उंच व्यासपीठ, कारण यांच्याकडे महत्त्व प्रवचनाला. कमानीवर जर्मन वचन आहे. पहिल्या महायुद्धात शेजारपाजारचेच लोक खिडक्यांवर दगड मारायला लागले, तेव्हा बिचाऱ्यांनी स्वतःच त्यावर चुना फासला. पुढे खरवडला, पण अक्षरं अर्धीमुर्धीच परत आली.

इंग्रिडबाई चर्चचा कारभार बघतात. कोनशिला त्यांच्या पणजोबांनी बसवलेली. त्या हे सगळं इंद्रनीलला सांगत होत्या आणि हा फोनमध्ये. "हिस्टरी राहू द्या," म्हणाला, "ड्रॉइंग्ज आहेत का?"

काम सुरू व्हायच्या दिवशी याने आम्हा दोघींनाही नेलं. हत्यार लावण्याआधी नारळ फुटलाच पाहिजे, ही त्याच्या घरची रीत. रीतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फुटपाथ होता, काँक्रीटची पायरी होती. हा निघाला तो थेट कोनशिलेकडे.

"अरे, त्यांना विचार तरी," जुई म्हणाली.

"दगड आहे गं. काच नाही."

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर नारळ फोडत वाढलेला माणूस. हा दगड ओमारू गावच्या खाणीतला, पांढरा, चुनखडीचा. करवतीने कापतात इतका मऊ. नारळ आपटला तसा कोपरा ढासळला आणि पणजोबांचं अर्धं नाव खाली आलं. नारळाला चीरसुद्धा नाही. आणि हा म्हणे इमारतीची ताकद मोजायला आलेला.

इंग्रिडबाईंनी तुकडे वेचून स्कार्फमध्ये बांधले. मग शांतपणे म्हणाल्या, "रविवारी सगळे जमतात. त्यांच्यासमोर माफी माग. मग काम कोणाकडे ठेवायचं ते ठरवू."

"सॉरी म्हण आणि खाली बस," मी रविवारी गाडीत बजावलं.

"आत्या, मला कळतं काय बोलायचं ते."

उभा राहिला आणि नारळाचं माहात्म्य सुरू. आमच्याकडे हे किती शुभ मानतात, मग कुठल्या रसायनाने दगड चिकटवता येईल ते. जुई खालून त्याचा कोट ओढत होती. शेवटी म्हणतो कसा, "खरं सांगायचं तर दगड मुळातच कच्चा होता."

इंग्रिडबाई हसल्या. "थँक यू. व्हेरी इंटरेस्टिंग." मी इथे इतकी वर्षं काढली आहेत. काम गेलं हे मला तिथेच कळलं. याला मंगळवारी फोन आला तेव्हा.

"या लोकांना दुसऱ्याच्या श्रद्धेची कदरच नाही," तो माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला.

"मी काल जाऊन आले त्यांच्याकडे," जुई म्हणाली. "मी सॉरी म्हटलं. चहा दिला त्यांनी."

"तुला कोणी सांगितलं होतं जायला?"

"कोणी नाही. काम नाही मिळालं परत. मी विचारलंही नाही."

आता तो मुलाखती देत फिरतो. स्वतःचा धंदा का बंद केला, असं विचारलं की दगडाचा दोष सांगतो. अजून तरी कोणी ठेवून घेतलेलं नाही.