जराशी मागे ओढलेली खुर्ची

फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या रीडिंग स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर ऑफिसच्या ट्रेनची वाट बघत होते. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमधली नर्स फार जपून बोलत होती. इथली माणसं जितकी जपून बोलतात तितकी बातमी वाईट असते, एवढं मला या देशात कळलं आहे. सुधामावशीला घरी मेंदूचा झटका आला होता आणि शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. ऑफिस सोडून मी नॉटिंगहॅम गाठलं. चार दिवसांनी मावशी गेली. आता सहा आठवडे झालेत. तिला काही त्रास झाला नाही, असं मी भेटेल त्याला सांगते आणि ते खरंही आहे. पण त्या चार दिवसांतलं माझं एक वाक्य काही माझी पाठ सोडत नाही…

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. पुण्याजवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या पावेल नावाच्या चेक इंजिनिअरशी तिने लग्न केलं, तेव्हा आई सोडून घरातलं कुणी सहा महिने तिच्याशी बोललं नाही. तिकडे काकांच्या देशात सासूला चेकशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. मग सासूच्या स्वयंपाकघरात, तिच्यासोबत पिठाचे गोळे उकडता उकडता, मावशी ती भाषा शिकली. पुढे पावेलकाकांच्या नोकरीमुळे दोघं नॉटिंगहॅमला आली आणि काका गेल्यावर मावशी हॉस्पिटलांमध्ये चेक रुग्णांसाठी दुभाषी म्हणून जाऊ लागली. सुती साडीवर जाड कोट घातलेली, टिकली लावलेली ही बाई घडाघडा चेक बोलायला लागली की रुग्ण आधी दचकायचे, मग आपलं दुखणं विसरून हसायचे.

त्या कामाचे नियम कडक. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, गाळायचंही नाही. शिवाय समोरचा ‘मी’ म्हणाला, की आपणही ‘मी’च म्हणायचं. रुग्ण म्हणाला माझं पोट दुखतंय, तर मावशीनेही डॉक्टरला माझं पोट दुखतंय असंच सांगायचं. “पन्नासेक बाळंतपणं झालीत गं माझी,” ती एकदा भाजी निवडताना म्हणाली, “आणि मूल एकही नाही.” म्हणून स्वतःच हसली. मला मात्र हसावं की नाही ते कळेना. खुर्चीचाही नियम होता. रुग्णाच्या शेजारी, पण जराशी मागे बसायचं, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे बघून बोलतात. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की आमच्या घरी जेवायला आली तरी ती खुर्ची वीतभर मागे ओढूनच बसायची. माझा नवरा म्हणायचा, मावशी, आमटी सांडेल. पण ती काही पुढे सरकायची नाही.

पदरचं काही न घालण्याचा नियम मात्र तिने एकदा मोडला. एक म्हातारी चेक बाई होती, तिचा नवरा व्हेंटिलेटरवर. डॉक्टरने इंग्रजीत सांगितलं, की आता सुधारणा होणार नाही आणि आम्हाला उपचार ‘विथड्रॉ’ करायचे आहेत, म्हणजे थांबवायचे, यंत्र काढून घ्यायचं. त्याला नेमकं चेक क्रियापद मावशीला चांगलं ठाऊक होतं, ‘उकोन्चित’, संपवणं. पण बाईच्या मांडीवर नवऱ्याच्या सपाता होत्या, घरी जाताना लागतील म्हणून आणलेल्या. मावशीने त्या पाहिल्या आणि तिच्या तोंडून ‘उलेवित’ निघालं. म्हणजे आराम देणं. आपण त्यांना आराम देऊ या. बाईने मान हलवली, हो म्हणाली. दुपारी यंत्र बंद झालं. बाईने मावशीचे दोन्ही हात धरून आभार मानले आणि सपाता घेऊन निघून गेली. ती पुन्हा कधी भेटली नाही.

तेव्हापासून मावशीकडे एक निळी वही होती. पहिल्या ओळीत ते इंग्रजी क्रियापद आणि खाली एकाखाली एक चेक शब्द. संपवणं, सोडणं, थांबवणं, जाऊ देणं… काही खोडलेले, काही पुन्हा लिहिलेले. वर्षं लोटली तरी मधूनच तिचा फोन यायचा, आज आणखी एक सापडला म्हणून. मी शेवटी वैतागले. म्हटलं, मावशी, त्या बाईचं दुःख हलकं केलंस, आता पुरे कर.

“दुःख नाही गं,” ती म्हणाली. “मी तिचं हो चोरलं. ती माझ्या शब्दाला हो म्हणाली, डॉक्टरच्या नाही.”

आणि मग त्या चार दिवसांतली तिसरी सकाळ. मावशीही व्हेंटिलेटरवर होती. तरुण डॉक्टरने मला बसवलं आणि अगदी तेच क्रियापद वापरलं. मी म्हटलं, तिची मोठी बहीण पुण्यात आहे, तिला विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही. फोन स्पीकरवर लावला. डॉक्टर थांबत थांबत बोलला. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण तिने सगळं ऐकून घेतलं.

“काय म्हणतोय गं तो?”

मला सगळं माहीत होतं. वही माहीत होती, सपाता माहीत होत्या. तरी मी म्हणाले, “आई, तिला आता आराम देऊ या म्हणतायत.”

“देऊ देत,” आई म्हणाली. “दमली असेल पोर.”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी मावशीच्या उशाशी बसले होते आणि खुर्ची जराशी मागे होती. मी ती मुद्दाम ओढली नव्हती.

पाच आठवडे मी गप्प राहिले. मागच्या रविवारी मात्र मावशीच्या घरून आणलेली तिची वही पिशवीतून काढली आणि तशीच उघडी ठेवून आईला फोन लावला. नेमके शब्द वापरले. आई, मशीन काढलं त्यांनी, तेव्हा ती गेली. तुला न सांगता तुझ्याकडून हो म्हणवून घेतलं मी.

आईच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली…

“मला कळलं होतं गं तेव्हाच,” ती म्हणाली. “तू जेवलीस का?”

मी रडले, खूप रडले. म्हणजे त्या म्हाताऱ्या बाईलाही कळलं असेल, हे मावशीला सांगायला हवं होतं, असं वाटलं. पण त्या रविवारपासून मनात दुसरंच घोळतं आहे. आईला खरंच कळलं होतं, की माझे हाल बघवेनात म्हणून तिनेही मला सोपा शब्द दिला? आता पुन्हा विचारलं तरी ती तेच सांगेल.

निळी वही आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. तिच्यासमोरची मावशीची खुर्ची वीतभर मागेच असते. नवरा रोज आत सरकवतो आणि मी पुन्हा मागे ओढते.