ओरखडा न येऊ देता सायकल चिखलदऱ्याला न्यायची कशी

घाट सायकलने चढायचा नाही, फक्त उतरायचा, असं आमच्या अकोल्याच्या सायकल ग्रुपने ठरवलं. वर जायला पिकअप, खाली यायला आपण. चाळिशी उलटलेल्या आठही गुडघ्यांनी ठराव एकमताने मंजूर केला. माझं माहेर परतवाड्याच्या अलीकडे. शाळेत असताना एसटीच्या खिडकीतून मी या घाटात पोरांना सुसाट सायकली सोडताना पाहिलं होतं आणि घरी येऊन सायकल मागितली होती. "पोरीले कायले पाह्यजे सायकल?" म्हणत बाबांनी विषय संपवला. तेव्हापासून हा घाट मला उतरायचा होता. बाकी निसर्ग वगैरे ठीकच आहे.

आता पगारातून डिस्क ब्रेकची माउंटन बाइक घेतली, तर ती घाटापर्यंत न्यायची कशी हा प्रश्न. ग्रुपमधले वानखडे सर स्वयंघोषित इंजिनिअर. त्यांचा व्हॉइस मेसेज संपेस्तोवर माझ्या कुकरच्या सगळ्या शिट्ट्या झाल्या. तुमच्यासाठी सार सांगते. पेडल काढा, हँडल आडवं करा, पुढचं चाक वेगळं करा. ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठा घाला, नाहीतर वाटेत लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटून बसतात. सायकल आडवी ठेवायची तर गिअरची बाजू वर. पट्टा चाकाला आवळा, फ्रेमला नको. हे सगळं मी केलं, वर फोम, बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि सासूबाईंची जुनी गादीही लावली. सासूबाईंना अजून कळलेलं नाही.

पिकअप सत्तारभाईंची. एरवी ते शेंदूरजनाघाटची संत्री वाहतात. यंदा संत्र्याला कोणी विचारेना, म्हणून आमच्यासारखी रिकामटेकडी मंडळी वाहून राहिले होते. माझी गुंडाळागुंडाळी बघून म्हणाले, "मॅडम, ये सायकल है के नवरी? संत्र्याले बी इतके लाड नाही करत आमी."

शनिवारी दुपारी सत्तारभाई आणि मी निघालो. बाकीचे तिघे रविवारी सकाळी परतवाड्याला भेटणार होते. अकोट, अंजनगाव मार्गे गेलात तर वेळ हाताशी ठेवा, कारण हा रस्ता कायम तयार होत असतो. अकोटला तर्रीत बुडवलेला आलुबोंडा खा. तो पोटात असला की गचके कमी जाणवतात. मी प्रत्येक खड्ड्याला मागच्या काचेतून सायकल बघत होते, इतकं तर मी माझ्या लेकरांनाही शाळेच्या ऑटोत बसवून बघितलं नव्हतं.

माहेरी पोचलो तर समोरची खोली खिडकीपर्यंत कापसाने भरलेली. भाव येईल म्हणून कापूस घरात, आणि घरातली माणसं खाजवत ओसरीत. अंगणात बंडी उभी, पण बैल नाहीत. मागल्या उन्हाळ्यात चारा परवडेना म्हणून बाबांनी ते विकले.

मी सायकल ओसरीत ठेवली. बाबांनी फोम बोटाने दाबून पाहिला.

"काहून वं, इतकी गुंडाळली इले?"

"ओरखडा येऊ नये म्हणून, बाबा."

"अन् गाडीनंच वर जाशीन, तं सायकल कायले?"

हा प्रश्न ग्रुपवर टाकायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं. भाकरी, ठेचा खाल्ला, सत्तारभाई ओसरीत सायकलशेजारी पसरले आणि मी आत झोपले.

सकाळी निघताना बाबा स्वतः पिकअपपर्यंत आले. म्हणाले, "जाय आता बिनघोर. आवाज नाही यायचा." मला वाटलं, पिकअपबद्दल बोलताहेत.

परतवाड्याला तिघांना आणि त्यांच्या सायकलींना घेतलं. धामणगाव गढीनंतर चढण लागते, हवा गार होते, आणि मोथा गावात रबडी मिळते. ती खाल्ल्याशिवाय पुढे गेलात तर तुमचं तुम्ही बघा. वर पोचून सायकल उघडली. एक ओरखडा नाही! वानखडे सरांनी फोटो काढला. पुठ्ठा काढला, चाक बसवलं, पेडल लावले, हेल्मेट चढवलं आणि थोड्याशा उतारावर सोडून पाहिली. ब्रेक दाबले. सायकल चालतच राहिली. दोन्ही लिव्हर मुठीत आवळले, तरी बाईसाहेब आपल्या नादात. बूट घासत कशीबशी थांबवली.

खाली वाकले तर ब्रेकचे पॅड जिला धरतात त्या डिस्कवरून एरंडीच्या तेलाचा वास. पुढे तोच, मागेही तोच.

"तुमचे बुवा पहाटे बंडीच्या वंगणाचा डबा घेऊन बसले होते," सत्तारभाई म्हणाले. "प्लास्टिक बराबर बाजूले करून, फडक्यानं लावून राहिले होते. मले वाटलं तुमीच सांगितलं. लई जीव लावून लावत होते, मॅडम."

साबणाने धुतलं, रेतीने घासलं. पॅड तेल पिऊन बसले होते, ते काय ऐकतात? तिघं घाट उतरून गेले. मी तोच घाट पिकअपमध्ये बसून उतरले, मागे माझी सायकल सासूबाईंच्या गादीवर पहुडलेली. मला भयंकर राग आला होता. रडलेही थोडी. घरी गेल्यावर बाबांना काय काय सुनवायचं ते वळणावळणाला पाठ करत होते. घाटात तशीच सोडली असती तर पहिल्याच वळणाला दरीत गेले असते, हे तर सांगायचंच होतं.

बाबा फाटकातच उभे होते. सोबत शेजारचे दोघं, बहुतेक त्यांनीच बोलावलेले.

"आवाज आला का वं?"

त्यांच्या नखांत काळं वंगण तसंच होतं.

"नाही बाबा. मस्त गेली."

"मंग!" ते शेजाऱ्यांना म्हणाले. "कोरडी गाडी घराबाहेर काढूच नाही. मी काय बंडी कमी हाकली?"

अकोल्यात येऊन नवे पॅड टाकले, डिस्क स्पिरिटने पुसल्या. घाट राहिला तो राहिलाच. ग्रुपवर लोक अजून चौकशी करतात आणि मी त्यांना फोमची जाडी सांगते. परवा बाबांचा फोन आला, "मंग कधी येतं? डबा भरून ठेवला."

ज्या माणसाने मला सायकल घेऊ दिली नाही, तो आता तिच्यासाठी पहाटे उठतो. त्याला डिस्क ब्रेक कसा चालतो ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगत असाल तर सांगा बापडे.

येत्या शनिवारी जाते आहे. या वेळी डिस्कना पिशव्या बांधल्यात आणि वर गाठी मारल्यात. चेन मात्र उघडी ठेवली आहे. तिला तेल लागतंच. काल बसून रॉकेलने धुतली आणि चांगली कोरडी ठणठणीत करून ठेवली.