मडक्याला भोक

हे आत्ताच सांगायला पाहिजे, उद्यापर्यंत दम निघायचा न्हाई.

आमच्या भोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर काका लई हळू माणूस. औषध ओततानाच काय, चालतानापण मनात मोजत असतात. घरी त्यांची पलंगाएवढी काचेची पेटी, त्यात रंगीत मासे. बादलीनं एकदम पाणी बदललं की मासे दगावायचे. म्हणून काकांनी परवा पिंडीवर असते तशी तांब्याची गळती पेटीवर टांगली. नवं पाणी थेंब थेंब आत, आणि वरच्या कडेला बसवलेल्या सलाईनच्या रबरी नळीतून जादा पाणी परसातल्या अळूला. सगळं आपोआप.

आज गेलो तर मासे वर येऊन तोंडं वासत होते. काकांनी गळतीत बोट फिरवलं, ते हिरवं झालं.

"तांबं उतरलंय. आपल्याला चालतं, यांना विष."

त्यांनी निम्मं पाणी उपसलं, कोरं मडकं आणलं आणि खिळ्यानं त्याला भोक पाडलं. माझ्या अंगावर काटाच आला. भोक पाडलेलं मडकं आपल्याकडं फक्त चितेभोवती फिरवतात.

काकू दारातच थिजल्या. "अहो, घरात कोण मेलंय?"

"अजून कुणी न्हाई," काका मडकं टांगत म्हणाले, "म्हणून तर."

सांजेपर्यंत मासे खाली पोहायला लागले. काका दवाखान्यात होते आणि मडकं रिकामं होत आलं होतं. काकूंनी डोळे मिटले आणि त्यात कळशी ओतली. मी अजून हादरलोय. तुमच्या आळीत कुणी असं कधी केलंय का?