हिंगवाल्याचं पहिलं अत्तर

सर्व नातलग, गिऱ्हाइकं आणि बनशंकरीतल्या शेजाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत इसमाने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत आणि साक्षीदारांसमक्ष, अंगाला सेंट लावला.

यात कळवण्यासारखं काय, असं वाटत असेल तर आमचा धंदा ऐका. हिंग. खडा कुटायचा, पिठात मळायचा, डब्यांत भरायचा. तीन पिढ्या बेंगळुरात आम्ही हेच करतोय. हा वास साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. मी बसमध्ये चढलो की पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला विचारते, "डब्यात रसम आणलंय का हो?" मला याची भारी गंमत वाटायची. लेकीला नाही. शाळेत तिला पोरं ‘इंगु डब्बी’ म्हणायची. इंगु म्हणजे कन्नडमधला आमचा हिंगच. सातवीत असताना एक दिवस ती म्हणाली, "अण्णा, उद्यापासून तुम्ही कोपऱ्यावर थांबा. गेटपर्यंत नको." मी थांबू लागलो. दहावी होईपर्यंत.

आणि आता तिच्या हेब्बाळच्या ऑफिसात आईवडलांना बोलावणं आलं होतं. "दोघंही या," ती फोनवर म्हणाली. गेटच्या आत! मी ठरवलं, पोरीला या वेळी खाली बघायला लावायचं नाही.

चार दिवस दुकान भावावर सोपवलं, रोज दोनदा डाळीच्या पिठाने अंग घासलं आणि पाचव्या दिवशी बायकोला घेऊन मॉलमधल्या सेंटच्या दुकानात गेलो. आत पाऊल टाकताना चपला काढायला हात खाली गेलाच होता. छतापर्यंत बाटल्या, प्रत्येकीच्या मागे दिवा.

दुकानातल्या मुलीने माझ्या मनगटावर एक फवारा मारला. हिंग पारखायचा तर चिमूट चोळावी लागते, त्या सवयीने मी मनगटावर मनगट घासलं.

"अय्यो सर, उज्जबेडि!" ती किंचाळली. म्हणजे, चोळू नका. "तसंच राहू द्या. ते आपोआप उघडतं."

मग तिने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. मी एक बी तोंडात टाकली. त्या नुसत्या हुंगायच्या असतात, नाक ताजं व्हावं म्हणून, हे तिने हसू दाबत सांगितलं. बायकोने दाबलं नाही.

बाहेर बाकावर बसलो आणि मनगट नाकाशी नेलं. मोसंबीची साल. थोड्या वेळाने पुन्हा हुंगलं तर मोसंबी गायब, तिथे कसलीतरी पांढरी फुलं. आणखी अर्ध्या तासाने फुलंही गेली आणि नुकतं उगाळलेलं चंदन आलं. कोणी काही केलं नव्हतं. नुसती माझ्या कातडीची ऊब. हिंग कच्चा हुंगू नका, गरम तुपात पडू द्या, मग बघा, हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. हे तेच होतं. फक्त कढई मी होतो.

तीच बाटली घेतली. लेकीच्या ऑफिसात जायच्या दिवशी सकाळी बायको, "स्वल्प, अहो, स्वल्प!" ओरडत असताना मी मनगटं, मान, कानामागे, रुमाल, सगळीकडे फवारे मारले. हेब्बाळच्या बसमध्ये एकानेही मान वळवली नाही. कोणालाही भूक लागली नाही. मी इतका साधा माणूस आयुष्यात कधी नव्हतो.

ऑफिसच्या कोपऱ्यावर पाय आपोआप थांबले. बायको गेटपाशी पोचली, मी तिथेच. लांबून लेक दिसली. तिच्याबरोबर पाच-सहाजण, एक तिची साहेबीणसुद्धा.

"अण्णा, तिथं काय करताय? आत या की!" म्हणत ती स्वतःच धावत आली, मागोमाग सगळी मंडळी. मी छाती काढून, चंदनासकट उभा. तिने गळ्यात हात टाकले. आणि थबकली. माझी कॉलर हुंगली, खांदा हुंगला, मागे सरकून माझ्याकडे बघितलं. जत्रेत हात सुटल्यावर लहानपणी व्हायचा, तसा चेहरा झाला होता तिचा. साहेबिणीसमोर, सगळ्यांसमोर, ती मोठ्याने म्हणाली,

"अण्णा, तुमचा वास कुठं गेला?"