साडूंचा चौथा गठ्ठा

सरळ उत्तरावर विश्वास न ठेवणारा अख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हे मानसशास्त्राचे प्राध्यापक कळंब्याला राहतात. कळंब्याचा तुरुंग प्रसिद्ध, म्हणून "तुरुंगाकडं न्हाय, तलावाकडं" हे कुणी न विचारता सांगतात. माणूस काम का करतो, या विषयावर पीएच.डी. करायची त्यांनी ठरवली तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्यांना चहा विचारला, तर तो का विचारावासा वाटला याचे पाच पर्याय ते आपल्यापुढे ठेवतात. दर रविवारी सकाळी ते चाळीस विधानांची नव्याने सुधारलेली प्रश्नावली घेऊन आमच्याकडे येत आणि मी ती भरत असे. सतरावं विधान कधीच बदललं नाही : 'काम नसलं की मला करमत नाही.' मी मुद्दाम 'सांगता येत नाही'वर खूण करायचो, कारण त्यांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होई.

या उत्तरांचं ते जे करत त्याला घटक विश्लेषण म्हणतात. ते मला कळावं म्हणून एकदा म्हणाले, "पावणं, लग्नात पंगतीतनं जी माणसं एकदम उठत्यात ती एका घरची. तशी जी उत्तरं बरोबरीनं वर-खाली होत्यात, ती एका गठ्ठ्यात. गठ्ठं कॉम्प्युटर बांधतोय. घराचं नाव मात्र आपण शोधायचं."

खऱ्या अभ्यासासाठी त्यांनी हुपरीतल्या चांदीकाम करणाऱ्या बायका निवडल्या. पहिल्या खेपेला सगळ्याजणींनी सगळ्यालाच 'पूर्ण सहमत' म्हटलं. पैंजणांना घुंगरू जोडणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं एसटीनं आलायसा, तुमास्नी न्हाय कसं म्हणायचं?" पुढच्या खेपेला साडूंनी आधी "न्हाय म्हणलासा तरी राग न्हाय" अशी शपथ घेतली आणि मगच कागद काढले.

गठ्ठे चार निघाले. पैसा, मान आणि माणसांची सोबत ही तीन नावं लगेच बसली. चौथ्यात आमचं सतरावं विधान होतं, शिवाय 'अर्धं काम टाकून उठवत नाही' आणि 'कुणी बघत नसलं तरी काम नीट करते' हीही होती. याला नाव सापडेना. मुदत संपत आली होती. मार्गदर्शक म्हणाले, बिननावाचा गठ्ठा टाका आणि प्रबंध देऊन मोकळे व्हा. साडूंना तो टाकवेना. शेवटी ते कागद घेऊन त्याच मावशींकडे गेले. मावशी हातातलं पैंजण खाली न ठेवता म्हणाल्या, "त्येला काय नाव द्यायचं? काम न्हाय केलं तर करमत न्हाय, एवढंच की!"

शास्त्रात घटकाला नाम लागतं, क्रियापद चालत नाही, म्हणून साडूंनी मोठ्या आनंदाने 'करमणूक' असं लिहिलं. मार्गदर्शकांनी लाल शाईत विचारलं, 'पैंजण जोडणे ही करमणूक आहे काय?' साडू दोन दिवस जेवले नाहीत, असं मेहुणीबाई सांगतात. त्याच दोन दिवसांत मी त्यांना मिसळ खाताना पाहिलं आहे. मग ते खोडून त्यांनी 'करमणे' लिहिलं, खाली दोन पानांची टीप जोडली आणि शेवटच्या दिवशी चारही गठ्ठ्यांसकट प्रबंध दिला. तो मान्य झाला.

आता त्यांच्या नावामागे डॉक्टर लागलं आहे आणि रविवारी ते येत नाहीत. सुटलो एकदाचा, असं मी चार लोकांना सांगितलंही. गेल्या रविवारी मात्र पेपर दोनदा वाचून झाला, तरी सकाळ सरेना. मग कपाटातून एक कोरी प्रश्नावली काढली, सतराव्या विधानातला 'काम' हा शब्द खोडून वर 'साडू' लिहिलं, आणि 'पूर्ण सहमत'वर खूण केली.