आलवणाचा चौकोन

शालूताई गेली त्या दिवशी मी सांत्वनाला चुकीच्या घरी जाऊन बसलो. फोन आला तेव्हा मस्कतमध्ये, तिच्याच रुवी भागात होतो, चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला बसलेला. तसाच उठलो आणि पळत सुटलो. तिची इमारत मला डोळे मिटूनही सापडते, आणि बहुतेक मी डोळे मिटूनच गेलो, कारण लिफ्टमधून एक मजला आधीच उतरलो. दार उघडं, बाहेर चपलांचा ढीग, आत सोफ्यावर पाच-सहा माणसं माना खाली घालून गप्प. मीही चपला काढल्या, हात जोडले, एका कडेला बसलो आणि रुमाल डोळ्यांना लावला. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "मॅथ्स में कितने आये?" ती दहावीच्या गणिताची शिकवणी होती. आतल्या खोलीत मुलं, बाहेर खचलेले पालक. मी "माफ करना" म्हणून उठलो, कुणाच्या तरी चपला घालून वर गेलो. वर ताई नव्हतीच, ती हॉस्पिटलातच गेली होती. वर होती तिची शेजारीण, आणि डायनिंग टेबलावर उलगडून ठेवलेली एक जुनी गोधडी...

शालूताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. मला मस्कतला नोकरी लावली ती तिच्या यजमानांनी. ते गेले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की ही आता पुण्याला परत जाणार. हिने इथल्या शाळेत इतिहास शिकवणं चालू ठेवलं, स्वतःच्या व्हिसावर, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. इथल्या मराठी मंडळातही येत राहिली. फक्त एक बदल झाला. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की कुणीतरी फार गोड आवाजात म्हणायचं, "शालूताई, तुम्ही तेवढं वाणाचं बघाल का?" म्हणजे मागच्या खोलीत बसून वाट्या पिशव्यांत भरायच्या. "येऊ नका" असं कुणी कधी म्हणालं नाही. परदेशात राहणारी शिकलेली माणसं आम्ही, असं तोंडाने कसं म्हणू? ताई माझ्या बायकोला, मीनाला म्हणायची, "मला मंडळात फार मान आहे हो. स्टोअररूमची किल्ली दरवर्षी माझ्याकडेच!" आणि दोघी हसायच्या. मीही हसायचो. विनोद मला जरा उशिरा कळतात.

मग मंडळाच्या वर्धापनदिनासाठी महिला विभागाने ठरवलं की शंभर वर्षांपूर्वीची एखादी गोधडी जशीच्या तशी शिवायची आणि हॉलमध्ये लावायची. जुनी गोधडी होती एकट्या ताईकडे. आमच्या दोघांच्या आयांची आजी, कोकणातली, तिने शिवलेली. ताईने ती डांबराच्या गोळ्या घालून बॅगेत ठेवलेली. मला सांगितलं, "बाबू, शुक्रवारी ये. मला हिचे नमुने उतरवून घ्यायचेत." मी शुक्रवार-शुक्रवार जाऊ लागलो. एसीखाली टेबलावर ती चिंधी पसरायची, भिंग घेऊन एकेक चौकोन बघायचा आणि आलेखाच्या कागदावर काढायचा. कुठे दोन त्रिकोण समोरासमोर, कुठे शंकरपाळी, कुठे बारीक पट्ट्यांच्या पायऱ्या. मी मोठ्या उत्साहाने एका ठिकाणी बोट ठेवून म्हणालो, "ताई, इथे कमळ आहे!" ती वाकली, बघितलं. "तो तेलाचा डाग आहे बाबू. पण छान बघितलंस हो." त्यानंतर मला चहा करण्याचं काम मिळालं.

चौथ्या-पाचव्या शुक्रवारी ती एकदम थांबली. म्हणाली, "हे बघ. नक्षीचा एक चौकोन, मग एक नुसता तपकिरी. परत नक्षी, परत तपकिरी. सगळ्या गोधडीभर." मी म्हटलं, कापड कमी पडलं असेल. "नाही रे. हे आलवण आहे." आलवण म्हणजे नवरा गेल्यावर बाईचे केस काढून तिला नेसवायचे ते लाल लुगडं. उन्हात विटून विटून ते असं तपकिरी होतं. आमची पणजी विशीच्या आतच त्यात गेली हे मला ऐकून माहीत होतं. तिच्या लग्नातल्या रंगीत लुगड्यांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. ताई त्या हिरव्या-जांभळ्या तुकड्यांवरून हात फिरवत म्हणाली, "जे नेसायला बंदी होती ना, ते ती पांघरून झोपायची. दिवसा आलवण आणि रात्री हे." तेव्हापासून तिचं ठरलं. बाकी नमुने कुठलेही घ्या, त्रिकोण घ्या, पायऱ्या घ्या. पण एकाआड एक आलवण राहणार. नाहीतर ती पणजीची गोधडी नव्हे.

निवडीची बैठक अल खुवैरला नीलाताईंच्या घरी झाली. नीलाताई महिला विभागाच्या प्रमुख, स्वभावाने मोकळ्या, वडे उत्तम करतात. मी ड्रायव्हर म्हणून गेलो होतो आणि वड्यांमुळे थांबलो. बायकांनी इंटरनेटवरून चांदण्या, टोपल्या, पानं-फुलं असे नमुने काढून आणले होते. ताईने आपले कागद मांडले. सगळ्यांना फार आवडले. "अय्या, पायऱ्या किती गोड!" झालं. मग कुणीतरी विचारलं, "हे मधले मधले प्लेन का?" ताईने सांगितलं. शाळेत सांगायची तसं, सरळ.

वड्यांची बशी तिथेच राहिली. नीलाताई म्हणाल्या, "अगं बाई... पण शालूताई, आपल्याला ती वर्धापनदिनाला लावायचीय."

"हो. वर्धापनदिनालाच."

"समोर लहान मुलं असणार, नव्या लग्नाच्या मुली असणार. त्यांच्यापुढे हे निगेटिव्ह कशाला? त्या जागी आपण पैठणीचे काठ लावू या का?"

"लावा ना. पण मग खाली 'नवी गोधडी' असं लिहा. जुनीसारखी म्हणू नका."

"अहो, इतिहास तर आहेच की सगळा. एवढंसंच तर बदलतोय."

"एवढासाच तर इतिहास आहे, नीलाताई."

मी वातावरण हलकं करायला म्हणालो, "घासाघीस करा! मत्राहच्या बाजारात, सूकमध्ये करतो तशी." कुणी हसलं नाही, पण घासाघीस मात्र झाली. निम्म्या गोधडीवरून ताई चार चौकोनांवर आली, चारांवरून एकावर. तो मध्ये असावा असं तिने मागितलं. मिळाला खालचा उजवा कोपरा. परतताना गाडीत म्हणाली, "एक तर एक. ज्याला बघायचं असेल तो वाकून बघेल."

त्या रंगाचं कापड रुवीत कुठे मिळेना. तिने पांढरी मलमल आणून स्वयंपाकघरात पातेल्यात स्वतः रंगवली. पहिल्यांदा गुलाबी आली, दुसऱ्यांदा विटकरी, तिसऱ्यांदा जमली. मध्ये माझा एक शर्टही जमला, पण ते जाऊ दे. तोवर तिच्या पायांवर सूज दिसायला लागली होती. किडन्या, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलच्या पलंगावर उशीला टेकून तिने तो चौकोन पुरा केला. टाके इतके बारीक की नर्सबाई कौतुकाने विचारायला आल्या, कुणाच्या बाळासाठी? "माझ्या पणजीसाठी," ताई म्हणाली. तो चौकोन नीलाताईंच्या हाती मीच नेऊन दिला. पुढच्या आठवड्यात ताई गेली.

ताईचा मुलगा कॅनडाहून आला, सगळं आवरून गेला. जाताना जुनी गोधडी माझ्या हातात देत म्हणाला, "मामा, धिस इज तुमच्या फॅमिलीचं, राइट?" मी राइट म्हटलं. आता ती आमच्या पलंगाच्या पायथ्याशी असते. मीनाने ती कपाटात ठेवू दिली नाही. म्हणते, पांघरायची वस्तू आहे, पांघरली पाहिजे.

वर्धापनदिनाला गेलो. हॉल भरलेला, गोधडी समोरच्या भिंतीवर, वर दिव्यांचा झोत. खाली पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात: 'शंभर वर्षांपूर्वीच्या गोधडीची हुबेहूब प्रतिकृती. कै. शालूताईंच्या स्मृतीस.' ताईची नातेवाईक म्हणून मीनाला हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं, कुंकू लावलं, ओटी भरली. मी खालच्या उजव्या कोपऱ्याशी वाकलो. तिथे हिरव्या जरीची कोयरी होती.

नीलाताईंना गाठलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खोटे नव्हते, हेच तर अवघड आहे. "भाऊजी, लावलेला होता हो आम्ही. पण त्या गेल्या... मग त्याला कुणाचा हात लागेना. आधीच तसलं कापड, आणि त्यात आता त्याही. शेवटी उसवला. टाकला नाही हं! पिशवीत घालून ठेवलाय नीट."

"द्याल मला?"

"बघते हं, कुणाकडे आहे ते."

अजून बघताहेत.

गाडीत बसल्यापासून मी जो सुटलो तो थांबेना. मंडळाचा राजीनामा देतो, पत्र लिहितो, तो पुठ्ठा फाडून येतो... अशा आयुष्यात न केलेल्या सगळ्या गोष्टी एकदम करत होतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबत होतो. मीना ओटीचा नारळ मांडीवर धरून बसली होती. वाडी कबीरचा चौक आला. मग म्हणाली, "आज मला पहिल्या रांगेत बसवलं. कशामुळे, कळलं ना? तुम्ही आहात म्हणून."

मी काहीतरी बोलणार होतो. तिने नारळ दुसऱ्या हातात घेतला आणि रस्त्याकडे बघत म्हणाली,

"गाडी हळू चालवा."