जीभ वर कर

नव्वदच्या दशकातले ते चार महिने माझी सकाळ धाकट्या भावाच्या तोंडात डोकावून सुरू व्हायची. गोखिवऱ्याच्या कारखान्यात मला आठला हजेरी. त्याआधी त्याला नालट्रेक्सोनची गोळी द्यायची, पाणी प्यायला लावायचं आणि म्हणायचं, "जीभ वर कर." सव्वीस वर्षांचा घोडा, पण निमूट दाखवायचा. गर्दची नशा सोडून त्याला चार महिनेच झाले होते. मी मात्र म्हातारी झाले होते.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं, "गर्दला मेंदूत बसायची जी जागा, ती ही गोळी आधीच अडवते. पंगतीत पाट रिकामा नसला की उशिरा आलेला उपाशी परत जातो, तसं. नशा चढतच नाही. पण गोळी मनाने बंद करू नका. शरीराची सवय मोडलीय. आता पूर्वीइतकी ओढली, तर श्वास थांबेल." आई तेव्हा बाहेर बाकावर जप करत बसली होती.

नवरात्रात आई त्याला विरारच्या डोंगरावर घेऊन गेली. देवीच्या उंबऱ्याला हात लावून त्याने शपथ घेतली, आणि आईने साऱ्या आळीत खोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गोळी काढली, तशी आईने माझं मनगट धरलं.

"देवीला शब्द दिलाय त्यानं. आता गोळी दिली म्हनजे आपलाच इश्वास नाय."

मला चीड आली. डॉक्टर काय म्हणाले ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खरं सांगते, रोजच्या पहाऱ्याला मी विटले होते. देवी सांभाळत असेल तर सुटले, असंच वाटलं. गोळ्या कपाटात गेल्या.

पंधरवड्याने तो केळीच्या वाडीत, पंपाच्या खोलीत सापडला. ओठ निळे पडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"शपथ मोडली, देवीनं नेलं," आळीत म्हणायचे. आईही तेच म्हणायची, आणि मी ऐकून घ्यायचे. आईला मी कधीच सांगितलं नाही की शपथेनंतर तीन दिवस तो सकाळी माझ्यापुढे येऊन उभा राहायचा. "ताई, दे ना गोळी. माझा मलाच भरवसा नाय," म्हणायचा.

मी डबा भरत असायचे. "आईला वाईट वाटेल," म्हणायचे आणि चपला घालायचे.